जावळातली रोजनिशी

मुलांनो, तुमचं जावळ काढलं तेव्हाचा फोटो घरात कुठेतरी नक्की असेल. शोधून बघा. मामाच्या मांडीवर तुम्ही, समोर न्हावीकाका, आणि तुमचं तोंड इतकं उघडलेलं की पडजीभ दिसावी! आजूबाजूला सगळे हसतायत, रडतंय फक्त एकच जण.

आमच्या चौथीच्या वर्गात या फोटोंवरून चांगलीच धमाल चालली होती. कुणी कुणाचा टकलू फोटो बघून हसत होतं, कुणी आपलाच लपवत होतं. मधेच एकाने विचारलं, "बाई, केस कापले तर दुखत तर नाही. मग काहून रडते बाळ?" मी नेहमीचं उत्तर दिलं. त्वचेच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्याला मज्जातंतू नसतात, म्हणून कापताना दुखत नाही. बाळ घाबरतं, म्हणून रडतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचा धाकटा भाऊ आठव्या महिन्यातच जन्मला. बावीस दिवस त्याला काचेत ठेवलं होतं. ती म्हणाली, "बाई, त्याला रोज सुई टोचायचे. नाकात नळी होती. तो तर नीट रडायचासुद्धा नाही. मग त्याला किती त्रास झाला, हे कुणाला कसं कळणार?"

वर्ग एकदम गप्प झाला. मीही. "शोधून सांगते," एवढंच म्हटलं. शोधायला बसले आणि फिरून फिरून पुन्हा केसांवरच आले! बाळाला किती ताण झाला याची नोंद त्याच्या केसांत राहू शकते, आणि शास्त्रज्ञ ती वाचायचा प्रयत्न करत आहेत. ती गोष्ट आज तुम्हाला सांगते.

आधी 'काचेत ठेवलं' म्हणजे काय ते सांगते, कारण तुमच्यापैकी काहीजण स्वतःच काचेत राहून आले असतील! पूर्ण दिवस भरून जन्मलेलं बाळ आईच्या पोटात साधारण 40 आठवडे असतं. 37 आठवडे पुरे व्हायच्या आत जन्मलं तर त्याला अपुऱ्या दिवसांचं बाळ म्हणतात. अंगावर चरबी नाही, त्यामुळे ऊब टिकत नाही. फुप्फुसं कच्ची, त्यामुळे श्वास घ्यायला जड. म्हणून त्याला उबदार पारदर्शक पेटीत ठेवतात. आपल्या नागपुरात मेडिकल, मेयो, डागा अशा मोठ्या दवाखान्यांतून अशी चिमुकली बाळं सांभाळतात. तिथले डॉक्टर आणि सिस्टर डोळ्यांत तेल घालून त्यांच्यावर लक्ष ठेवतात. पण जीव वाचवायचा तर टाचेतून रक्त घ्यावं लागतं, नळ्या घालाव्या लागतात, यंत्रं टीं-टीं वाजत राहतात. बाळाला यातलं काय जाणवत असेल?

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण काही दशकांपूर्वी बऱ्याच मोठमोठ्या डॉक्टरांचं मत होतं, की फारसं काही जाणवत नाही! नवजात बाळाच्या नसा आणि मेंदू अजून कच्चे असतात, म्हणून त्याला आपल्यासारखं दुखत नाही, असं ते मानायचे. शिवाय भुलीची औषधं एवढ्याशा जिवाला झेपणार नाहीत अशी भीतीही होती. ती भीती अगदीच खोटी नव्हती. त्यामुळे ऑपरेशन करतानासुद्धा लहानग्यांना पुरेशी वेदनाशामक औषधं द्यायचे नाहीत. बाळ हलू नये एवढी सोय करत, बस.

हे कोडं सोडवायला एक भारतीय डॉक्टर पुढे आला. त्यांचं नाव कंवलजीत सिंग आनंद. इंदूरच्या महात्मा गांधी मेडिकल कॉलेजात शिकून ते शिष्यवृत्तीवर इंग्लंडला, ऑक्सफर्डला गेले. तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागात काम करताना एक गोष्ट त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली. ऑपरेशनला जाताना बरं दिसणारं बाळ परत येताना पार कोमेजून यायचं. रंग उतरलेला, श्वास वरवरचा, नाडी मंद. असं का होत असेल?

बाळाला विचारायची सोय नव्हती. मग आनंदांनी बाळाच्या रक्ताला विचारलं! आपल्याला इजा झाली, भीती वाटली, की शरीर काही खास रसायनं रक्तात सोडतं. त्यांना ताणाची संप्रेरकं म्हणतात. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाजवळच्या एका रक्तवाहिनीचं ऑपरेशन होणारी 16 बाळं घेतली. आठ जणांना तेव्हाच्या रीतीप्रमाणे औषधं दिली, आणि आठ जणांना त्याशिवाय एक जोरकस वेदनाशामकही दिलं. मग सगळ्यांच्या रक्तातली संप्रेरकं मोजली. वेदनाशामक न मिळालेल्या बाळांमध्ये ताणाची संप्रेरकं कितीतरी जास्त उसळली होती, आणि ऑपरेशननंतर त्रासही त्यांनाच जास्त झाला. हा अभ्यास 1987 च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर केलं, की नवजात बाळांनाही ऑपरेशनच्या वेळी भूल दिली पाहिजे.

फक्त सोळा बाळं! पण रडून जे पटलं नाही ते आकड्यांनी पटलं. मला या गोष्टीचा थोडा रागही येतो, खरं सांगते. बाळाच्या आयांना विचारलं असतं तर त्यांनी हे कधीच सांगितलं असतं.

आता ताणाच्या संप्रेरकांतलं सर्वांत प्रसिद्ध नाव घेऊ: कॉर्टिसॉल. तुमच्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपी ठेवावी तशी एकेक छोटी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. तिथे कॉर्टिसॉल तयार होतं. खाज आली की डॉक्टर जे हायड्रोकॉर्टिसोनचं मलम देतात ना, ते हेच कॉर्टिसॉल. औषध म्हणून वापरलं की नाव बदलतं. या जातीच्या संप्रेरकांच्या शोधासाठी केंडॉल, राइश्टाइन आणि हेंच या तिघांना 1950 चं नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांतले केंडॉल आणि हेंच मेयोत काम करायचे. लगेच कॉलर ताठ करू नका! ते अमेरिकेतलं मेयो क्लिनिक. आपलं मेयो वेगळं.

कॉर्टिसॉल म्हणजे काही विष नव्हे. सकाळी तुम्हाला अंथरुणातून उठवायला तेच मदत करतं. मोठ्या माणसांत पहाटे-सकाळी ते सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्री सर्वांत कमी. आणि आईच्या पोटात तर ते फार मोठं काम करतं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला लिगिन्स नावाचे डॉक्टर 1960 च्या दशकात मेंढ्यांवर प्रयोग करत होते. मेंढीच्या पोटातल्या कोकराला त्यांनी कॉर्टिसॉलच्या जातीचं औषध दिलं. कोकरू वेळेच्या खूप आधी जन्मलं. इतक्या कच्च्या फुप्फुसांचं कोकरू जगायला नकोच होतं, पण ते चक्क श्वास घेत होतं! औषधाने त्याची फुप्फुसं लवकर पिकली होती. पुढे 1972 मध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी 282 आयांवर केलेला अभ्यास छापला. ज्यांचं बाळंतपण लवकर होण्याची चिन्हं होती त्या आयांना हे इंजेक्शन दिल्यावर त्यांची बाळं जास्त संख्येने वाचली. आज जगभर हे इंजेक्शन देतात. तुमच्यापैकी जे अपुऱ्या दिवसांचे असतील, त्यांच्या आईलाही कदाचित ते दिलं असेल. घरी विचारा.

म्हणजे दिवस भरत आले की बाळाचं कॉर्टिसॉल आपोआप वाढतं, आणि ते वाढायलाच हवं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिची गरज लागणार आहे.

मग रक्तातलं कॉर्टिसॉल मोजलं की झालं, केस कशाला? सांगते. रक्त म्हणजे फोटो. त्या एका क्षणाचा. तुमच्या घरी कुणी अचानक येऊन फोटो काढला, आणि नेमके तुम्ही तेव्हा बहिणीशी भांडत होतात, तर बघणारा म्हणेल, हे घर म्हणजे आखाडाच आहे! रक्ताचंही तसंच. शिवाय रक्त घ्यायला सुई टोचावी लागते, आणि टोचल्यानेच ताण वाढतो. जे मोजायचं तेच मोजता मोजता बदलतं. आणि एवढ्याशा बाळाचं रक्त तरी किती वेळा घेणार?

केस मात्र शांतपणे वाढत असतो. तुमच्या आजीने केसांना मेंदी लावली असेल तर पट्टी घेऊन तिच्याजवळ बसा. मेंदी लावल्यानंतर मुळाशी जो पांढरा भाग उगवला तो मोजा. दोन सेंटिमीटर भरला तर मेंदी साधारण दोन महिन्यांपूर्वीची. कारण डोक्यावरचा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. आमच्या वर्गाने हा प्रयोग केला. एका आजीने निरोप पाठवला, "बाईंना सांग, मेंदी दिवाळीला लावली होती, मोजायची काय गरज!" पट्टीवर चार सेंटिमीटर भरले होते आणि महिना मार्चचा होता. बघा, जुळतं का!

केस उगवतो त्वचेखालच्या मुळातून, आणि तिथे बारीक रक्तवाहिन्या असतात. घरी सोऱ्यातून शेव पाडताना पाहिली आहे ना? पिठात तिखट जास्त पडलं असेल तर त्या घाण्याची शेव तिखट. पुढचा घाणा सौम्य असेल तर पुढची शेव सौम्य. केसाचंही तसंच. ज्या महिन्यात रक्तात कॉर्टिसॉल जास्त, त्या महिन्यात उगवलेल्या केसाच्या तुकड्यात ते जास्त अडकतं. केस पुढे सरकला तरी ते आत राहतं. डोक्याला लागून असलेला पहिला सेंटिमीटर गेल्या महिन्याचा, दुसरा त्याआधीचा. जर्मनीतल्या क्लेमेन्स किर्शबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये बाळंत झालेल्या आयांचे केस असे वाचून दाखवले. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत उगवलेल्या तुकड्यात कॉर्टिसॉल वाढलेलं होतं. केस म्हणजे मागचं दाखवणारं कॅलेंडर, असं त्यांनी म्हटलं.

बाळाच्या डोक्यावर केस फुटतात साधारण पाचव्या महिन्यात, आईच्या पोटातच. म्हणजे जन्मतःच जे जावळ दिसतं ते मुख्यतः शेवटच्या तीनेक महिन्यांत उगवलेलं असतं. बाळाने अजून डोळेही नीट उघडलेले नसतात, पण त्याची रोजनिशी डोक्यावर तयार!

ती वाचायची कशी? डोक्याच्या मागच्या बाजूने एक छोटीशी बट त्वचेला लागून कापतात. काही मिलिग्रॅम पुरतात. टोचणं नाही, रडणं नाही. वरचा तेल-घाम निघावा म्हणून केस स्पिरिटसारख्या द्रवात धुतात, वाळवतात आणि त्यांची बारीक पूड करतात. ती पूड मिथेनॉलमध्ये रात्रभर भिजत ठेवली, की चहाच्या पुडीतून रंग उतरावा तसं कॉर्टिसॉल द्रवात उतरतं. द्रव उडवून लावला की ते मागे राहतं. मोजायच्या एका पद्धतीत रंग येतो, पण उलटा हिशेब असतो: रंग जितका फिका, तितकं कॉर्टिसॉल जास्त. आणि हे मोजतात पिकोग्रॅममध्ये. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक पिकोग्रॅम. एक लाख कोटी आकड्यांत लिहा बघू, किती शून्यं येतात?

आता माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येते. 2007 मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात जेनेट यामाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच शोधलं. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांचे केस त्यांनी घेतले, आणि दिवस भरून जन्मलेल्या निरोगी बाळांचेही घेतले. दवाखान्यात राहिलेल्या बाळांच्या केसांत कॉर्टिसॉल जास्त निघालं. शिवाय श्वासाच्या यंत्रावर काढलेले दिवस आणि केसांतलं कॉर्टिसॉल यांचा संबंध दिसला. दिवस वाढले की तेही वाढलेलं. बाळ रडलं नाही, पण केसाने सांगितलं. आणि ते इंदूरचे डॉ. आनंद आठवतात? पुढे अमेरिकेत तेही लहान मुलांच्या केसांतल्या कॉर्टिसॉलच्या अभ्यासात उतरले.

पण मुलांनो, रोजनिशीचं अक्षर फार गिचमिड आहे! पहिली अडचण: पोटात बाळ पाण्यात तरंगत असतं, आणि त्या पाण्यात ते शूसुद्धा करतं. (हसा, हसून घ्या.) त्या शूमधलं कॉर्टिसॉल पाण्यात येतं आणि केस त्यातच भिजत राहतात. मग आतून आलेलं किती आणि बाहेरून मुरलेलं किती? दुसरी अडचण: लिगिन्सचं कोकरू आठवा. दिवस भरताना कॉर्टिसॉल वाढणं चांगलंच असतं. मग आकडा जास्त दिसला तर तो त्रासाचा समजायचा की तयारीचा? म्हणून किती आठवड्यांचं बाळ आहे हे बघितल्याशिवाय तुलनाच करता येत नाही. याच कारणांमुळे ही तपासणी अजून संशोधनापुरतीच आहे. कुणी केस घेऊन लॅबमध्ये पळायचं नाही.

आता थोडं आईबाबांसाठी. 'ताण', 'गर्भ' आणि 'केसांत नोंद' हे शब्द एकत्र वाचून एखाद्या आईच्या पोटात गोळा आला असेल. गरोदरपणी घरात कटकट झाली, रडले, रात्रपाळी केली, म्हणून बाळ लवकर आलं का? म्हणून किरकिरं झालं का? पालकसभेला एका आईने मला हे दबक्या आवाजात विचारलं होतं. शेजारच्या बायकांनी तिला तसं ऐकवलं होतं म्हणे. तर ऐका. आईचा ताण आणि नवजात बाळाच्या केसांतलं कॉर्टिसॉल यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला, काहींत दिसलाच नाही. आई आणि बाळ यांच्यामध्ये जी वार असते तिच्यात एक विकर असतं. आईकडून येणाऱ्या कॉर्टिसॉलचा बराचसा भाग ते निकामी करून टाकतं. दारावर राखणदार बसावा तसं. तेव्हा बाळाच्या केसावरून आईचा न्याय करणारा आकडा कुणाकडेही नाही. गरोदर बाईला आराम, पोटभर जेवण आणि मायेचा शब्द मिळायलाच हवा, पण तो घरातल्या सगळ्यांनी द्यायचा असतो. उलटतपासणी फक्त तिचीच कशाला?

काचेतल्या बाळांचा त्रास कमी करता येतो का? येतो, आणि त्याला फार यंत्रंही लागत नाहीत. 1978 च्या सुमाराला दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरात, काचेच्या पेट्याच पुरत नव्हत्या. तिथले डॉक्टर एडगर रे सनाब्रिया यांनी बाळांना आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून बांधायला सुरुवात केली. कांगारू आपलं पिल्लू पिशवीत ठेवते ना, तसं. या पद्धतीला कांगारू पद्धत हेच नाव पडलं. आईच्या छातीशी असताना किंवा दूध पिताना टाचेला सुई टोचली तर बाळ कमी रडतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आपल्या मुंबईत, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मातृदुग्ध पेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. ज्यांच्या आईला दूध येत नाही त्या चिमुकल्यांना तिथे दुसऱ्या आयांचं दूध मिळतं. आणि 2021 मध्ये भारत आणि आफ्रिकेतले चार देश मिळून केलेला एक मोठा अभ्यास छापून आला. त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. सुमारे एक ते पावणेदोन किलो वजनाची बाळं, तब्येत स्थिर व्हायची वाट न बघता, जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी दिली. आधी पेटीत ठेवून मग आईकडे दिलेल्या बाळांच्या मानाने त्यांच्यातले मृत्यू पाव हिस्स्याने कमी झाले. त्यासाठी अतिदक्षता विभागात आईची खाट लावावी लागली. इतकी वर्षं तिला दाराबाहेरच्या बाकावर बसवत होते!

हे सगळं मी वर्गात सांगितलं. ती मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे त्याचं जावळ काढलं की त्यात ते बावीस दिवस सापडतील?"

मला तिला खरं सांगावं लागलं. बाळाचे जन्माच्या वेळचे केस पहिल्या काही महिन्यांत बरेचसे गळून जातात. डोक्याच्या मागे टक्कल पडतं ते तुम्ही पाहिलं असेल. उशी-दुपट्ट्याला लागून गेलेले ते केस. तिचा भाऊ आता अकरा महिन्यांचा आहे. त्याच्या डोक्यावर आज जे आहेत ते बहुतेक घरी आल्यानंतरचे, म्हणजे आजीच्या तेलमालिशीचे आणि हिच्या पापे घेण्याचे दिवस.

तिने जरा विचार केला. जावळ पुढच्या महिन्यात आहे. मामा वर्ध्याहून येणार आहे, आणि रीतीप्रमाणे बाळ त्याच्याच मांडीवर बसणार. "पण बाई," ती म्हणाली, "मी आईला सांगते, तू मामाच्या शेजारीच बस आणि त्याचा हात धर. चालते ना?"

चालते, मी म्हटलं.